जाळी कोणासाठी?
जावा बेटावरील बांतेन बंदरावरून नाव मिळालेली बँटम कोंबडी अंगाने लहान व हलकी. परसाची भिंत ती सहज उडून ओलांडते. यास्तव आवाराला वरूनही जाळी हवी. परंतु कोंबडी कोंडली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे नव्हे. दिल्लीत पिलांवर घार वरून झडप घालते, मुंगूस खालून उकरून शिरते. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला अडविते, मुंगसाला अडवीलच असे नाही. म्हणून अर्ध्या इंची छिद्रांची मजबूत जाळी फूटभर जमिनीत पुरावी. जानेवारी २०२१ मध्ये संजय तलावावरील बदकांत बर्ड फ्लू आढळला व गाझीपूरचा कोंबडीबाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. रानपाखरांची विष्ठा जाळी रोखीत नाही. दाणापाण्यावर पत्र्याचे छप्परच हवे.