वाड्याची कुलपे आणि भाडेकरू
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मलकापूर येथे दिलेले भाषण)



घरभाडे हा रुक्ष विषय मी आजच्या भाषणासाठी निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्ञातीच्या पूर्ववैभवाचे गोडवे गाण्यापेक्षा ज्ञातिबांधवांच्या घरांवरील छपरे शाबूत राहणे मला अधिक निकडीचे वाटते.

१८४४ साली गडकऱ्यांचे बंड झाले, इंग्रजांनी विशाळगडाची मोडतोड केली आणि जहागिरीचे ठाणे गडावरून मलकापुरास आले. ठाणे आले की त्यामागून कारकून, कारागीर आणि व्यापारी यायचेच. म्हणजे बाहेरून आलेल्यास आसरा देणे ही या गावची जुनीच रीत होय. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले व ठाण्याचा तो रुबाब सरला. परंतु कोल्हापुराहून आंबा घाटाने रत्नागिरीस जाणारा रस्ता राहिला. त्याच रस्त्याने आपली मुले पोटापाण्यासाठी पुण्यामुंबईस जातात आणि बाहेरगावचे शिक्षक, परिचारिका, नोकरदार येथे येतात. एकीकडे कुलूप लावलेला वाडा आणि दुसरीकडे खोली शोधीत फिरणारे कुटुंब, असा विचित्र देखावा त्यामुळे दिसतो.

येथील पाऊस सह्याद्रीच्या कुशीतला आहे. ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घराची कौले उन्हाळ्यात कोणी चाळीत नाही. एक कौल सरकले की पाणी वाशात मुरते. वासा कुजला की मातीची भिंत खचते. वस्ती हीच जुन्या घराची खरी राखण होय.

मग आपण कुलूप का काढीत नाही? भीती एकच : ‘भाडेकरू शिरला की तो निघणार नाही.’ ही भीती १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या काळात रुजली आणि त्या काळी ती अगदीच निराधार नव्हती. परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आहे. तो जेथे लागू आहे तेथे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदविला नसेल, तर वादाच्या वेळी अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलट, राहण्यासाठी दिलेल्या जागेचा परवाना करार रीतसर केला असेल आणि मुदत संपूनही जागा सुटली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व दुप्पट दराने भरपाई मिळते. सारांश, घरमालकाने भाडेकरूला भिण्याऐवजी तोंडी व्यवहाराला भ्यावे.

भाडेकरूचेही हक्क आहेत. भाड्याची पावती देणे, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे, पाणी किंवा वीज न तोडणे ही मालकाची कर्तव्ये आहेत. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नाही.

आता थोडे कटू बोलतो. खोली दाखविण्याआधी आपल्यापैकी पुष्कळजण आडनाव विचारतात. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा व जैन विद्यार्थ्यांच्या, १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या आणि पुढे १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वसतिगृहाची सोय का केली? खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात कोणी ओसरीही देत नव्हते म्हणून. आपल्या वाडवडिलांनीही परगावी अशा बंद दारांपुढे उभे राहून पाहिले आहे, आणि आज आपलीच मुले पुण्यामुंबईत भाड्याच्या खोलीसाठी दुसऱ्यांच्या दारात उभी आहेत. तेथे त्यांना जो न्याय मिळावा असे आपणास वाटते, तोच आपण येथे द्यावयास नको काय?

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे. रिकाम्या घरांची एक वही ठेवावी, कराराचा मसुदा करून द्यावा, नोंदणीस साहाय्य करावे आणि ती वही जात न विचारता सर्वांस खुली असावी. भाड्याचे चार पैसे येतील, कौले चाळली जातील, तुळशीपुढे दिवा लागेल. वाडा ज्याचा आहे त्याचाच राहील. फक्त तो उभा राहील.