जुनं विमान घ्यायचंय? आधी वही उघडा

सोलापुरात होटगी रोडवरून जाताना वर विमान दिसलं की माझा एक मित्र हमखास विचारतो, "पैसे आले ना, तर जुनं छोटं विमान घ्यायचं का रे?" घे की! पण आधी एक गोष्ट ऐक.

१९८२ चा ऑक्टोबर. ७८ वर्षांचे जेआरडी टाटा एकटे कराचीहून मुंबईला विमान घेऊन आले. १९३२ च्या त्यांच्या पहिल्या टपाल उड्डाणाला ५० वर्षं झाली होती. विमान होतं लेपर्ड मॉथ, म्हणजे १९३० च्या दशकातलं मॉडेल. एकच इंजिन, प्लायवूडचं अंग, पंखांवर कापड!

आता अशा लाकडात ओल कुठे शिरली, कुठला सांधा सैल झाला, हे बाहेरून दिसत नाही. आणि आकाशात गाडी साइडला घेता येत नाही.

म्हणून मालकाचं पहिलं काम लॉगबुक वाचणं. किती तास उडालं, कुठला पार्ट कधी बदलला, सही कोणाची. बऱ्याच सेस्ना १७२ च्या इंजिनांना ओव्हरहॉलसाठी २००० तासांची मर्यादा दिलेली असते. पण विमान वर्षानुवर्षं नुसतं उभं असेल, तर तास कमी भरूनही इंजिन आतून गंजू शकतं.

मोह होतो तो नव्या डिजिटल स्क्रीनचा. आपण सॉफ्टवेअरवाले तेच करतो ना? बग तसेच, यूआय नवा! इथं तो बग जिवावर बेततो. आधी इंजिन आणि सांगाडा, मग स्क्रीन.

तर मित्रा, वहीतली पानं गायब असतील, तर विमान कितीही चकाचक असू दे, हात जोड आणि परत ये. भेटू पुढच्या भागात!