जागणाऱ्यांसाठी धावताना

(ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मॅरेथॉन धावणारा माणूस म्हणून माझी ओळख करून देण्यात आली. ती ओळख फारच मोठी झाली. दि. २१ जानेवारी २०२४ रोजी मुंबई मॅरेथॉनमधील अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर, मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी पूर्ण केली. पहाटेच्या अंधारात माहीमहून निघायचे, एरवी पादचाऱ्याला मज्जाव असलेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून पायी जायचे आणि पाय बोलू लागले की नेमका पेडर रोडचा चढ समोर येतो! वेळ विचारू नका. माझ्यापुढे सत्तरीच्या एक आजी नऊवारीत गेल्या, एवढेच सांगतो.

धावलो ते वडिलांच्या नावाने. नाना रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रभर धावत्या गाडीच्या टपाल डब्यात उभे राहून पत्रांची वर्गवारी करण्यात त्यांचे आयुष्य गेले. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर तिचे जनक. नानांना त्यांचा कोण अभिमान! २०१४ च्या सुमारास नाना विसरू लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसे. पुढे पुढे मला ते ‘साहेब’ म्हणत आणि रजेचा अर्ज देत. परंतु ‘सातारा’ म्हटले की ‘४१५००१’, ‘रत्नागिरी’ म्हटले की ‘४१५६१२’, हे उत्तर जवळजवळ शेवटपर्यंत बिनचूक येई. नवी आठवण आधी जाते, जुनी आणि हजारदा घोटलेली मागे रेंगाळते, हे या आजाराचे लक्षणच आहे. २०२२ च्या पावसाळ्यात नाना गेले.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे सहज वापरली जाते. तिने फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. वार्धक्याचा स्वभाव नव्हे. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या रुग्णाची हकिकत वैद्यांच्या सभेत मांडली, ती स्त्री पन्नाशीच्या आसपासच आजारी पडली होती. आपल्या देशात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे शंभरांतील सात-आठ जणांना, हा विकार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात आहे. विसरणे वाढले तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही तशी लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपाय आहे. अल्झायमर मात्र आजही बरा होत नाही. औषधांनी काहींची लक्षणे काही काळ सौम्य होतात, इतकेच.

मग निधी कशासाठी गोळा करायचा? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. ‘जो आजार बरा होत नाही, त्यासाठी पैसे कसले?’ असे एका सुशिक्षित गृहस्थांनी तोंडावर म्हटले. त्यांना मी आमच्या घरातील रात्री सांगितल्या. दिवे लागले की नाना अस्वस्थ होत. ‘माझी गाडी सुटेल’ म्हणत दाराकडे धावत. डबा भरून मागत. आई त्यांना खरोखरच डबा भरून देई, दोन चकरा गॅलरीत मारून आणी आणि ‘आज गाडी उशिरा आहे’ असे सांगून निजवी. तासाभराने पुन्हा तेच. आईचे वय तेव्हा सत्तर, गुडघे निकामी. आम्ही मुले नोकरी सांभाळून पाळ्या करीत होतो; पण नानांचा हात शांत व्हायचा तो तिच्याच हातात. आठ वर्षांत तिने एकही लग्नकार्य पूर्ण पाहिले नाही. तिचा रक्तदाब कधी वाढला, हे तिला स्वतःलाच उशिरा कळले.

आपल्या कुटुंबव्यवस्थेचे आपण गोडवे गातो आणि ते रास्तच आहे. परंतु ‘आमच्याकडे आईवडिलांना घरीच सांभाळतात’ या वाक्याचा कर्ता कोण, हेही पाहिले पाहिजे. बहुतेक घरांत तो कर्ता म्हणजे एक स्त्री असते: पत्नी, सून किंवा लेक. गौरव कुटुंबाचा होतो, जागरण तिचे असते. रुग्णाला दिवसा चार-पाच तास सांभाळणाऱ्या केंद्रात पाठविण्याचा विषय निघाला, तेव्हा एका नातेवाइकांनी ‘टाकून देताय का?’ असा शब्द वापरला होता. नातवाला पाळणाघरात ठेवताना हाच शब्द कुणी वापरीत नाही!

अशा केंद्रासाठीच आम्ही धावतो. मॅरेथॉनमधील निधीचा पैसा धावणाऱ्याच्या हाती येत नाही. तो समन्वय करणाऱ्या संस्थेमार्फत निवडलेल्या सेवासंस्थेकडे जातो. आम्ही निवडलेल्या संस्थेने त्यातून केंद्राच्या गाडीचा खर्च आणि मदतनीस स्त्रियांचे प्रशिक्षण भागविले. नकाराला न रागावता आंघोळ कशी घालावी, घास अडकू नये म्हणून कसे भरवावे, हे शिकावे लागते. केवळ माया पुरत नाही. या क्षेत्रात केरळमधून १९९२ साली सुरू झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया आज अनेक शहरांत काम करते. तरीही गरजेच्या मानाने केंद्रे फारच थोडी आहेत.

धावण्याचा लाभ मलाही झाला, हे नाकारीत नाही. व्यायामाचा अभाव, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, धूम्रपान, बहिरेपणाकडे दुर्लक्ष, एकटेपणा या गोष्टी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवितात, असे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये म्हटले. त्यांनी अशी १४ कारणे दिली आणि ती दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा हिशेब मांडला. व्यायाम केला म्हणजे आजार होणारच नाही, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. नाना आयुष्यभर काटक होते.

जाता जाता एक विनंती. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, तीत दोन रकाने आहेत. एक जानेवारीत धावू इच्छिणाऱ्यांचा. दुसरा, आठवड्यातून तीन तास एखाद्या रुग्णाजवळ बसू शकणाऱ्यांचा, म्हणजे तेवढ्या वेळात त्या घरातील माउलीला देवळात, बाजारात किंवा नुसते झोपायला जाता येईल. मघाशी पाहिले तेव्हा पहिल्या रकान्यात अकरा नावे होती, दुसऱ्यात दोन. त्यांतले एक माझ्या आईचे आहे.