यंत्र घडविणाऱ्यांचे शिक्षण



कणवेगवर्धकाच्या साह्याने कोणते नवे कण सापडले, याची चर्चा पुष्कळ होते. ते यंत्र घडविणारा मनुष्य कोठे शिकतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

१९३० मध्ये बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांनी स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन या विद्यार्थ्यास प्रबंधासाठी विषय दिला: चुंबकक्षेत्रात कणांना फिरवीत ठेवून प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा थोडीथोडी वाढवावयाची. जानेवारी १९३१ मध्ये त्याच्या साडेचार इंची सायक्लोट्रॉनने हायड्रोजनच्या आयनांना ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिली. तोंडी परीक्षेत मात्र अणुगर्भाविषयीचे त्याचे ज्ञान तोकडे असल्याचे दिसून आले. यंत्र उभारण्याच्या घाईत रदरफर्ड यांचे संशोधन वाचण्यास त्यास सवडच झाली नव्हती! पदवी त्यास मिळाली, आणि ते योग्यच झाले.

मेघनाद साहा यांनी पाठविलेले बी. डी. नागचौधुरी पुढे याच प्रयोगशाळेत शिकले व १९४१ मध्ये कलकत्त्यास परतले. निर्वात पंप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले आणि कलकत्त्याच्या सायक्लोट्रॉनचे काम कित्येक वर्षे रखडले.

एक गुरू व टेबलावर मावणारे यंत्र, अशी स्थिती होती तोवर ही उमेदवारी पुरेशी होती. पुढे यंत्रांचा घेर कित्येक किलोमीटरांवर गेला. एकाने चुंबक पाहावा, दुसऱ्याने निर्वात नळी. संपूर्ण यंत्र कोणाच्याच दृष्टीस पडेना. विद्यापीठांतही हा विषय पोरकाच राहिला. भौतिकीचे विभाग त्यास अभियांत्रिकी समजत, अभियांत्रिकीचे विभाग भौतिकी. चार-दोन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्राध्यापक नेमण्यास कोण तयार होणार?

या अडचणीतून १९८१ मध्ये अमेरिकेत फर्मी प्रयोगशाळेत एक शाळा सुरू झाली. तिला स्वतःचे आवार नाही. १९८७ पासून निरनिराळी विद्यापीठे तिचे यजमानपद स्वीकारीत आली आहेत. एका संपूर्ण सत्राचा अभ्यासक्रम तेथे दोन आठवड्यांत पुरा केला जातो. गृहपाठ व परीक्षा यांतून सुटका नसते, आणि गुणांची नोंद यजमान विद्यापीठ करते. युरोपात सर्न या संस्थेने १९८३ मध्ये अशीच शाळा काढली.

पंधरवड्यात हाताला वळण लागत नाही, हा आक्षेप खराच आहे. इंदूर येथील इंडस-२ च्या १७२ मीटर परिघाच्या कड्यातून इलेक्ट्रॉनांची शलाका अवचित नाहीशी झाली, तर दोष चुंबकात आहे, निर्वातात आहे की विद्युत्पुरवठ्यात, हे ओळखण्याची सवय नियंत्रणकक्षातील अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसूनच लागते. परंतु त्या तिन्ही गोष्टींचा परस्परसंबंध त्या तरुणास अगोदर कोणीतरी फळ्यावर मांडून दाखविलेला असावा लागतो.