मैदानावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम



वसंत व्याख्यानमालेत फुटबॉलचे काय काम, असे कोणास वाटले असल्यास मी त्यास दोष देणार नाही. आपला मुलूख कुस्तीचा आणि कबड्डीचा. परंतु ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे ते आपणांस परके नाहीत. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि हे गृहस्थ त्याच राज्याच्या राजधानीतले एक शाळामास्तर. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव.

जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. तरुणपणी ते उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळले, पुढे शाळांतून शिकवू लागले, व्यायामशिक्षणाची पदविका घेतली. १९४३ साली हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले, आणि १९५० च्या सुमारास हैदराबाद सिटी पोलीस संघाचे व राष्ट्रीय संघाचे शिक्षकपदही. पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या एका गोलावर इराणला हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले, तेही यांच्याच हाताखाली.

पण खरा धडा मिळाला तो १९५२ साली, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये. आमची कित्येक मुले अनवाणी खेळली आणि युगोस्लाव्हियाने आम्हांस १०–१ असे लोळविले. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात २–० ने नमविले हंगेरीने. हंगेरीच्या खेळातली गंमत अशी की त्यांचा मधला आघाडीवीर नांदोर हिदेगकुटी पुढे उभाच राहत नसे; तो मागे सरून चेंडू घेई. आता त्याच्यावर नेमलेल्या रक्षकाने करावे काय? पाठोपाठ गेला तर मागे खिंडार पडते. जागेवर राहिला तर हा मोकळा सुटतो. १९५३ साली वेम्बलीवर इंग्लंडचा ६–३ असा पाडाव झाला, त्यात एकट्या हिदेगकुटीचे तीन गोल. हा हिदेगकुटी पुढे शिक्षक झाला, आणि त्याच्या हाताखाली इटलीच्या फिओरेंतिना संघाने १९६१ साली युरोपीय चषक विजेत्यांचा चषक जिंकला. 

मागे सरणाऱ्या आघाडीवीराची ही चाल आपल्याकडे रुजविणाऱ्यांत रहीमसाहेब अग्रभागी होते. मात्र नुसती नक्कल त्यांनी केली नाही, हे मला विशेष वाटते. मुलांना चेंडू पायात घोळवत बसण्याची खोड. म्हणून त्यांनी चेंडू घोळविण्यास बंदी असलेल्या स्पर्धा भरविल्या. आला चेंडू की दिला पुढे. दुबळा पाय वापरण्याचे सामने लावले. यास ना पैसा लागतो, ना परदेशी सामान. लागतो तो सायंकाळी मैदानावर उभा राहणारा मास्तर. सिकंदराबादेकडच्या बलराम नावाच्या गरीब मुलाचा खेळ त्यांनी हेरला आणि त्याच्या जाण्यायेण्यासाठी सायकलीची सोय करून दिली. हा बलराम पुढे पुन्हा भेटेल.

१९५६ साली मेलबर्नला भारताची पहिली गाठ हंगेरीशीच पडावयाची होती. पण त्या शरदात बुडापेस्टमध्ये रणगाडे शिरले होते. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. पुढे ऑस्ट्रेलियाला आम्ही ४–२ असे हरविले. त्यांत मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा याचे तीन गोल. भारत त्या वेळी चौथा आला. राहिलेली भेट १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये झाली. हंगेरी २, भारत १, आणि आपला तो एक गोल बलरामचा! हरलो खरे, पण आठ वर्षांपूर्वी दहा गोल खाणाऱ्यांची ही हार होती. तिला मी तरी विजयाच्या खालोखाल मानतो. रहीमसाहेबांचा मुलगा हकीम हाही त्या रोमच्या चमूत होता.

यानंतर दुखणे आले. फुप्फुसांचा कर्करोग. अशा प्रकृतीनिशी १९६२ च्या ऑगस्टात ते संघ घेऊन जकार्ताला गेले. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २–० असा जिंकला. मग थायलंड, जपान व उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून भारत अंतिम सामन्यास पोचला. समोर पुन्हा कोरियाच. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारताच्या गुरुदत्त सोंधींनी जाहीर हरकत घेतली होती, त्यामुळे सारे शहर भारतीयांवर खवळलेले.

संघाची अवस्थाही बिकट. बचावाचा खांब जर्नेलसिंग, त्याच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला बसविले नाही. आघाडीवर नेऊन उभे केले! संरक्षकाला आघाडीवीर करणे हा जुगारच. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, आणि दुसरा केला तो याच जर्नेलसिंगने. भारत २, कोरिया १.

रहीमसाहेबांचा तो अखेरचा मोठा सामना. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला तो २०२४ साली. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक मात्र जकार्तानंतर भारताकडे आलेले नाही.