दवबिंदूशी गाठ
(हीरकमहोत्सवी वर्षातील विज्ञान व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाचा प्रोसेसर जितका थंड ठेवावा, तितका तो अधिक वेगाने चालवता येतो, हे संगणकशास्त्रातील जुने सत्य आहे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तयार झालेल्या ईटीए-10 या महासंगणकाच्या वेगवान आवृत्त्यांत प्रोसेसर द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअसला, बुडवलेले असत. 2011 साली एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरने द्रव हेलियमच्या साहाय्याने 8.429 गिगाहर्ट्‌झचा विक्रम नोंदवला. या मोठ्या प्रयोगांचे धाकटे भावंड म्हणजे हौशी तरुणांनी घरी जुळवलेले शून्याखालील शीतयंत्र.

त्याचे तत्त्व घरातल्या फ्रिजचेच. कॉम्प्रेसर शीतकाची वाफ दाबतो, कंडेन्सरमध्ये ती उष्णता टाकून द्रव होते, अरुंद केशनलिकेतून जाताना तिचा दाब उतरतो आणि इव्हॅपोरेटरमध्ये तो द्रव पुन्हा उकळतो. उकळण्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा तो भोवतालातून ओढून घेतो. फ्रिजमध्ये हा उष्मा भाजीपाल्याचा असतो. येथे इव्हॅपोरेटर हा तांब्याचा पोकळ ठोकळा असून तो थेट प्रोसेसरवर बसतो. वातावरणीय दाबाला आर-134ए हा शीतक उणे 26 अंशांना, तर प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो. इतकी थंडी निर्माण करणे हा या कामाचा तुलनेने सोपा भाग आहे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि परीक्षक असते हवेतील बाष्प.

बर्फाचे पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो. पेला गळत नसतो; हवेतील बाष्प त्याच्या थंड अंगावर द्रवरूप होते. ज्या तापमानाला हे घडू लागते, तो दवबिंदू. 30 अंश तापमान आणि 70 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे 24 अंश असतो; आर्द्रता 40 टक्के असेल, तर तो 15 अंशांवर उतरतो. मग उणे 40 अंशांच्या तांब्यावर काय होईल? पाणी जमेल, त्याचा बर्फ होईल आणि यंत्र थांबताच तो वितळून मदरबोर्डवर पसरेल. शुद्ध पाणी विजेचे दुर्बल वाहक असले, तरी बोर्डावरची धूळ आणि क्षार त्यात विरघळतात आणि ते वाहक बनते. थेंबे थेंबे तळे साचते खरे. येथे मात्र तळे साचण्याची वाट पाहावी लागत नाही, चुकीच्या जागी पडलेला एक थेंब पुरतो.

म्हणून आवरण हवे. ते दोन कामे करते: उष्णता अडवते आणि बाष्प अडवते. दुसरे काम अनेकांच्या ध्यानात येत नाही. कापूस किंवा साधा स्पंज उष्णता बऱ्यापैकी अडवतो. पण त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली असल्याने बाष्प आत शिरते, गोठते, आणि ओला स्पंज निरोधक राहत नाही. एअर कंडिशनरच्या नळीवर दिसणारा काळा रबरी फोम बंद छिद्रांचा असतो, म्हणून तोच येथे योग्य. आवरणाखाली हवेचा लहान कप्पा राहिला, तर बिघडते काय? वर सांगितलेल्या दमट हवेच्या एक लिटरमध्ये जेमतेम 21 मिलिग्रॅम पाणी असते. कप्पा खरोखर बंद असेल, तर तेवढ्यावरच भागते. परंतु सांध्यात केसाएवढी फट असली, तरी आतल्या गोठणाऱ्या बाष्पाची जागा घ्यायला बाहेरचे बाष्प सतत येत राहते. म्हणून सॉकेटच्या फटी वीज न वाहणाऱ्या सिलिकॉन ग्रीसने भरतात, फोमचे सांधे चिकटद्रव्याने जोडून वर पट्टी लावतात, आणि बोर्डाची मागची बाजूही तितक्याच काळजीने झाकतात. अनेक यंत्रे या मागच्या बाजूनेच दगा देतात.

आवरण किती जाड असावे, याचे ढोबळ गणित शाळेत शिकवलेल्या उष्णतावहनावर करता येते. फोमच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या वर राहिले पाहिजे. आत उणे 40 आणि खोलीत 30 अंश धरले, तर सपाट पृष्ठभागासाठी 40 टक्के आर्द्रतेत सुमारे 16 मिलिमीटर फोम पुरतो. 70 टक्के आर्द्रतेत मात्र जवळजवळ 45 मिलिमीटर लागतो. हिवाळ्यात कोरडे राहिलेले यंत्र आषाढात का घामेजते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

यानंतर बसवणी. येथे जाडी आणि स्पर्श यांचे भांडण होते. फोम फार जाड ठेवला, तर तोच इव्हॅपोरेटरला उचलून धरतो आणि तांबे प्रोसेसरला नीट टेकत नाही. पातळ ठेवला, तर कडेने हवा शिरते. म्हणून फोम किंचित दाबला जाईल एवढाच ठेवतात आणि उष्णतावाहक लेपाचा ठसा पाहून स्पर्श तपासतात. चारही स्क्रू स्प्रिंगवर, कर्णरेषेत, आळीपाळीने थोडेथोडे आवळतात. एक कोपरा आधी आवळला, तर प्रोसेसरला तडा जाऊ शकतो. धातूचे स्क्रू थंडी बाहेर वाहून नेतात, म्हणून त्यांनाही आवरण लागते. परतीच्या नळीचा ताण बोर्डावर येऊ नये म्हणून ती सांगाड्याला बांधतात आणि कंप रोखण्यासाठी कॉम्प्रेसर रबरी पायांवर ठेवतात. संगणक बंद केल्यावर कॉम्प्रेसर थांबवावा, आणि सारे खोलीच्या तापमानाला येऊन कोरडे होईपर्यंत काहीही उघडू नये.

पालकांनी एक गोष्ट निक्षून सांगावी. जुन्या फ्रिजची नळी घरी कापू नये. आर-600ए आणि प्रोपेन हे ज्वालाग्राही आहेत. आर-134ए पेटत नसला, तरी वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. नळ्यांचे झाळकाम आणि शीतक भरणे प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. विद्यार्थ्याने आपला हात आवरणावर आणि बसवणीवर चालवावा. तेथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि जिवाला धोका कमी.

दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता, अप्रकट उष्मा हे शब्द मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला वर्गातच भेटलेले असतात. परीक्षेत त्यांची व्याख्या लिहिली की त्यांच्याशी संबंध संपला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या व्याख्येतच आवरणाची जाडी दडलेली आहे. ज्याला ती आपल्या भाषेत नीट कळली, त्याला उपकरणाची भाषा परकी वाटण्याचे कारण नाही.