बोकडाचे थंड वीर्य आणि अँटिऑक्सिडंट
बोकडाचे वीर्य विरलकात मिसळून सुमारे ५ अंश सेल्सिअसला ठेवले, की शुक्राणूंचा चयापचय मंदावतो आणि ते काही दिवस टिकतात. द्रव नायट्रोजनची गरज पडत नाही. पण थंडीतही ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतच राहतात. शुक्राणूच्या पटलात असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात आणि हे रेणू नेमके त्यांवरच घाला घालतात. पटल दुबळे होते, हालचाल घटते, डीएनएलाही इजा होते. शुक्राणूत पेशीद्रव अत्यल्प, त्यामुळे बचाव करणारी विकरेही तोकडी, ही खरी अडचण. म्हणून विरलकात ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन किंवा सिस्टीन यांसारखे अँटिऑक्सिडंट घालतात. मात्रा मोजूनच हवी, कारण फलनाच्या तयारीसाठी ऑक्सिजनचे हेच क्रियाशील रेणू थोडे लागतात. अस्वच्छ संकलनाची भरपाई मात्र कोणतेही अँटिऑक्सिडंट करत नाही.